आर्डुइनो कॉम्प्युटरला दिसत नाही, कोड चढत नाही: केबलपासून बूटलोडरपर्यंत

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर आर्डुइनो आणि तशा जातीचे, म्हणजे आपला कोड चढवून चालवायचे, जे छोटे सर्किट बोर्ड येतात ते ‘सर, बोर्ड गेला’ हे निदान सोबत घेऊनच येतात. त्यांतले बहुतेक गेलेले नसतात. ऊनो असो, नॅनो असो, नोडएमसीयू किंवा ईएसपी३२ असो, तक्रार एकच: कॉम्प्युटर घेत नाही. पण या एका तक्रारीखाली दोन निरनिराळे बिघाड असतात. ते आधी वेगळे केले की निम्मं काम झालं. नाही केले तर मुलं केबलच्या बिघाडावर आयडीई (कोड लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) उडवून पुन्हा टाकत बसतात, आणि त्यात अख्खं प्रॅक्टिकल जातं.

लक्षणं

पहिला प्रकार, पोर्टच येत नाही. आयडीईच्या टूल्स मेनूमध्ये ‘पोर्ट’ फिकट दिसतो, किंवा यादी उघडते पण त्यात आपला बोर्ड नसतो. यातही चार तऱ्हा आहेत:

– बोर्डावरची पॉवरची एलईडी लागतच नाही.
– एलईडी लागते, पण केबल जोडल्यावर विंडोजचा नेहमीचा आवाज येत नाही.
– आवाज येतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावापुढे पिवळा त्रिकोण असतो.
– ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं येतं.

दुसरा प्रकार, पोर्ट येतो पण कोड चढत नाही. ऊनो-नॅनोवर ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग’ किंवा ‘नॉट इन सिंक’ दहा-दहा वेळा छापून येतं. ईएसपी३२वर ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके आणि रेघा पडत राहतात आणि शेवटी ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर’. कधी ‘ॲक्सेस इज डिनाइड’.

पोर्ट आला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. केबल काढा, यादी बघा, केबल लावा, यादी पुन्हा बघा. नवं नाव आलं तर तोच तुमचा बोर्ड. कॉम१ पुष्कळ कॉम्प्युटरवर आधीपासूनच असतो, ब्लूटूथचेही पोर्ट असतात. त्यांवर कोड चढवायचा प्रयत्न करणारे दर बॅचमध्ये भेटतात.

ही विभागणी एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. ऊनोवरची मुख्य आयसी, अॅटमेगा३२८पी, तिला यूएसबी कळतच नाही. तिला फक्त सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवायची साधी पद्धत, कळतं. म्हणून बोर्डावर एक दुसरी छोटी आयसी दुभाष्याचं काम करते: मूळ ऊनोवर अॅटमेगा१६यू२, क्लोनवर (दुसऱ्यांनी बनवलेल्या स्वस्त नकलांवर) बहुधा सीएच३४०, ईएसपीच्या बोर्डांवर सीपी२१०२ किंवा पुन्हा सीएच३४०. कॉम्प्युटरवर जो पोर्ट दिसतो तो या छोट्या आयसीचा असतो. ऊनोची अठ्ठावीस पायांची मोठी आयसी सॉकेटमधून काढून बाजूला ठेवली तरी पोर्ट येतो. तेव्हा पोर्ट येत नसेल तर तुमच्या कोडकडे आणि मोठ्या आयसीकडे बघूच नका. उलट पोर्ट येत असेल, तर केबल आणि ड्रायव्हर बहुतेक ठीक आहेत.

याला अपवाद लिओनार्डो आणि प्रो मायक्रो. त्यांच्या आयसीत यूएसबी आतच असतं, त्यामुळे चुकीच्या कोडने पोर्ट गायब होऊ शकतो. तिथे रिसेट पटपट दोनदा दाबा. बूटलोडरचा (यूएसबीवरून आलेला कोड आयसीत उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) पोर्ट आठेक सेकंद दिसतो, तेवढ्यात कोड चढवायचा.

आधी बोर्ड मोकळा करा

फुकटातली तपासणी. बोर्डाला लावलेल्या सगळ्या वायरी, शील्ड, सेन्सर, मोटर काढा. नुसता बोर्ड आणि केबल ठेवा.

प्रोजेक्टमध्ये रिले असेल आणि त्यावर २३० व्होल्ट असतील, तर आधी भिंतीतला प्लग काढा, मगच बोर्डाला हात लावा. रिलेकडचा स्क्रू सैल पडून तार बोर्डाच्या बाजूला आली तर लॅपटॉप तर जातोच, माणसालाही झटका बसतो. होम ऑटोमेशनचे प्रोजेक्ट टेबलावर आले की मी पहिल्यांदा तेच बघतो.

मोकळं करायचं कारण असं की ब्रेडबोर्डवर पाच व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले असले तर बोर्ड उठतच नाही. एलईडी मंद होते किंवा विझते, विंडोज ‘पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट’ म्हणतं. मूळ ऊनोवर ५०० मिलीॲम्पियरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. शॉर्ट झाला की तो तापतो आणि वीज रोखतो, गार झाला की पुन्हा चालू होतो. म्हणून शॉर्टचा संशय असेल तर केबल काढून पाच मिनिटं थांबा. लगेच पुन्हा लावून ‘गेला’ म्हणू नका. क्लोनवर हा फ्यूज असेलच असं नाही.

दुसरं, ऊनो-नॅनोच्या ० आणि १ या पिना. कोड त्याच दोन पिनांवरून चढतो. तिथे एचसी-०५ ब्लूटूथ किंवा जीपीएस लावून ठेवलं असेल तर पोर्ट व्यवस्थित दिसतो, पण ‘नॉट इन सिंक’ येतं. दोन वायरी काढा, कोड चढवा, वायरी परत लावा. पुढच्या वेळी ‘सॉफ्टवेअर सिरियल’ ही लायब्ररी वापरून दुसऱ्या पिना घ्या, म्हणजे रोजची कटकट जाईल.

मोकळा केल्यावर बोर्ड चालला, तर दोष सर्किटमध्ये आहे. एकेक वायर परत लावत जा.

केबल

पोर्ट येत नसेल आणि एलईडी लागत असेल, तर माझा पहिला संशय कायम केबलवर असतो.

लॅबच्या फळ्याशेजारी मी दोन केबली उभ्या कापून टांगल्या आहेत. एकीत चार वायरी आहेत: लाल, काळी, पांढरी, हिरवी. दुसरीत फक्त लाल आणि काळी. दोन्हींचं बाहेरचं प्लास्टिक सारखं, टोकं सारखी. दुसरी केबल एका स्वस्त पॉवर बँकेबरोबर आली होती. लाल-काळीतून वीज जाते, डेटा जातो पांढऱ्या-हिरवीतून. ज्या केबलीत त्या वायरीच नाहीत, तिने बोर्डाची एलईडी झकास लागेल आणि कॉम्प्युटरला काहीही कळणार नाही. ड्रायव्हर कितीही वेळा टाका.

तपासायची रीत सोपी आहे. मायक्रो किंवा सी टाइप केबल असेल तर तीच फोनला लावून कॉम्प्युटरला जोडा. फोनने ‘फाइल ट्रान्सफर’ विचारलं तर केबल डेटाची आहे. नुसतं चार्जिंग सुरू झालं आणि सेटिंगमध्ये जाऊनही पर्याय मिळाला नाही, तर बाजूला ठेवा. ऊनोची चौकोनी तोंडाची केबल प्रिंटरलाही लागते, ती प्रिंटरवर तपासा. नॅनोची मिनी केबल आता सहजी घरात सापडत नाही. ती विकतच घ्यावी लागते, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. मागताना ‘डेटा केबल’ म्हणून मागा, आणि जमलं तर काउंटरवरच लावून बघा.

चांगली केबलही आतून तुटते, बहुधा टोकापाशी. जोडलेली असताना टोक हळूच हलवा. कनेक्ट-डिस्कनेक्टचा आवाज येत-जात राहिला तर केबल तरी सैल आहे किंवा बोर्डाचा जॅक. दुसऱ्या केबलने तसंच झालं तर जॅक.

सी टाइपची एक वेगळी गंमत आहे. नवीन क्लोन बोर्डांवर जॅक सी असतो, पण त्यामागे लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर पैसे वाचवायला गाळलेले असतात. अशा बोर्डाला दोन्ही टोकं सी असलेली केबल लावली तर लॅपटॉप वीजच सोडत नाही, कारण पलीकडे काही जोडलंय हे त्याला समजत नाही. एलईडीसुद्धा लागत नाही. तोच बोर्ड एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेल्या केबलने लगेच चालतो. एलईडी न लागलेला सी टाइप बोर्ड आला की टाकून देण्याआधी हे नक्की करा.

कॉम्प्युटरचा पोर्ट

हब काढा, बोर्ड थेट लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा घ्या; पुढच्या पोर्टांची आतली वायर सैल असणं लॅबमध्ये नेहमीचं. त्याच पोर्टात पेनड्राइव्ह चालतो का बघा. आधी शॉर्ट झालेला असेल तर लॅपटॉप तो पोर्ट बंद करून ठेवतो. पूर्ण शटडाउन करून चालू केलं की बहुधा परत येतो.

ड्रायव्हर

आता डिव्हाइस मॅनेजर उघडा. इथे दोन लक्षणांचा गोंधळ होतो. पिवळा त्रिकोण आणि ‘यूएसबी सिरियल’सारखं नाव दिसत असेल, तर छोटी आयसी जिवंत आहे, तिने आपली ओळख सांगितली आहे, फक्त विंडोजकडे ड्रायव्हर नाही. ही चांगली बातमी. पण ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असेल तर ड्रायव्हर शोधत फिरू नका. याचा अर्थ काहीतरी जोडलंय एवढं कॉम्प्युटरला कळलं, पण ओळख विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही. दोष केबलीत, जॅकच्या सोल्डरिंगमध्ये किंवा छोट्या आयसीत. पुन्हा केबल बदला, पोर्ट बदला. तरी तेच आलं तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

ड्रायव्हर घेताना आधी बोर्डावरचा नंबर वाचा. यूएसबी जॅकजवळच्या छोट्या आयसीवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, अक्षरं उठून दिसतात. नॅनोवर ती बोर्डाच्या पाठीमागे असते. सीएच३४० असेल तर डब्ल्यूसीएच या उत्पादकाचा, सीपी२१०२ असेल तर सिलिकॉन लॅब्सचा ड्रायव्हर. उत्पादकाच्याच साइटवरून घ्या, ‘ऑल ड्रायव्हर पॅक’च्या भानगडीत पडू नका. घरच्या लॅपटॉपवर नेट असेल तर विंडोज अपडेट तो बहुतेकदा आपणहून आणतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नेट बंद आणि ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे, म्हणून तोच बोर्ड घरी चालतो आणि लॅबमध्ये चालत नाही.

काल चालत होता आणि विंडोज अपडेटनंतर बंद पडला, पोर्ट दिसतो पण उघडत नाही, असं सीएच३४०च्या काही क्लोनवर होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे, तो वापरून जुन्या व्हर्जनवर जा. ड्रायव्हरने बोर्ड अडवणं ही काही कविकल्पना नाही. २०१४ मध्ये अशाच दुभाष्या आयसी बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली आयसींचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि ते बोर्ड दिसेनासे झाले होते. ओरड झाल्यावर तो मागे घेतला.

लिनक्सवर ड्रायव्हर आधीपासून असतो, अडतं परवानगीपाशी. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आपला युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. लॉगआउट राहून गेलं तर फरक पडत नाही. उबुंटू २२.०४वर सीएच३४०चा पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल, तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पोर्ट बळकावतंय. त्या कॉम्प्युटरवर ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल तरच ते काढा. ॲपलच्या नव्या लॅपटॉपवर जोडणीला परवानगी मागणारी खिडकी येते, तिला ‘अलाउ’ म्हणा.

पोर्ट आला, कोड चढत नाही

‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणजे पोर्ट दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलाय. आयडीईची दुसरी खिडकी, उघडा राहिलेला सिरियल मॉनिटर (बोर्डाशी अक्षरांची देवघेव दाखवणारी आयडीईची खिडकी), ‘प्रोसेसिंग’ हे सॉफ्टवेअर, पायथनची स्क्रिप्ट. एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो. सगळं बंद करा.

मग टूल्स मेनूत बोर्ड कोणता निवडलाय ते बघा. क्लोन नॅनो असेल तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. आर्डुइनोने जानेवारी २०१८ पासून आपल्या नॅनोवर नवा बूटलोडर द्यायला सुरुवात केली. तो ११५२०० बॉडने बोलतो, जुना ५७६०० ने. बाजारातल्या क्लोनवर अजून जुनाच सर्रास असतो. वेग जुळला नाही की ‘नॉट इन सिंक’. आमच्याकडे नॅनोच्या तक्रारी या एका क्लिकने जेवढ्या सुटतात तेवढ्या दुसऱ्या कशाने सुटत नाहीत.

ईएसपी३२ असेल तर ‘कनेक्टिंग’ आल्यावर बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा आणि लिहायला सुरुवात झाली की सोडा. रिसेट होताना जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला असेल तरच ही आयसी कोड घ्यायच्या मोडमध्ये जाते. बटण तेच करतं. हे काम आपोआप व्हायला हवं, पण काही बोर्डांवर वेळेचं गणित चुकतं. दर वेळी बटण दाबायचा कंटाळा आला तर ईएन (रिसेटची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लसची बाजू ईएनला. पिन ०, २ आणि १२ला काही जोडलं असेल तर कोड चढवताना काढा. चालू होतानाचा मोड या पिनाही ठरवतात.

ऊनो-नॅनोवर अजूनही अडत असेल तर रिसेट दाबा आणि १३ नंबरच्या पिनेची एलईडी बघा. भराभर लुकलुकली तर बूटलोडर शाबूत आहे. मग कदाचित आपोआप रिसेट होत नसेल: ‘अपलोडिंग’ दिसताक्षणी रिसेट दाबून सोडा. दोन-चार वेळा वेळ साधावी लागते.

लूपबॅक: दोष कोणत्या आयसीत

ऊनो-नॅनोवर एक जंपर वायर रिसेट आणि ग्राउंडमध्ये, दुसरी ० आणि १ या पिनांमध्ये. सिरियल मॉनिटर उघडा, काहीही टाइप करून पाठवा. रिसेट ग्राउंडला धरल्यामुळे मोठी आयसी गप्प असते. पाठवलेलं अक्षर छोट्या आयसीतून बाहेर पडून त्याच वाटेने परत येतं. अक्षरं परत दिसली तर केबल, ड्रायव्हर, छोटी आयसी सगळं ठीक, दोष मोठ्या आयसीत किंवा तिच्या बूटलोडरमध्ये. काहीच परत आलं नाही तर छोटी आयसी गेली. एवढ्या एका चाचणीने पुढचा खर्च करायचा की नाही ते ठरतं, म्हणून ही टाळू नका.

दोष मोठ्या आयसीत निघाला आणि बोर्डावर सॉकेट असेल, तर केबल काढून आयसीचे पाय बघा. अठ्ठावीसपैकी एखादा पाय आत दुमडलेला असतो आणि वरून दिसत नाही. छोटा चपटा स्क्रूड्रायव्हर एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला घालून थोडी थोडी उचला. एका बाजूने एकदम उचकटली की पाय वाकलेच. परत बसवताना खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवा.

पाय ठीक असतील तर बूटलोडर पुन्हा टाका. दुसरा चालू ऊनो लागेल. त्यात ‘आर्डुइनो आयएसपी’ हे आयडीईच्या उदाहरणांतलं स्केच (तयार प्रोग्राम) चढवा. मग त्याच्या ११, १२, १३ या पिना बिघडलेल्या बोर्डाच्या त्याच पिनांना, १० नंबरची पिन त्याच्या रिसेटला, शिवाय पाच व्होल्ट आणि ग्राउंड. चालू बोर्डाच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर तो स्वतःच रिसेट होतो. टूल्समध्ये प्रोग्रामर ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’ आणि मग ‘बर्न बूटलोडर’. इथेही आयसीची सही (तिचा ओळख क्रमांक) जुळत नाही असं आलं, तर एकदा वायरी तपासा. त्या बरोबर असतील तर आयसी बदला. बूटलोडर टाकलेली ३२८पी सुटी मिळते.

कुठे थांबायचं

केबल जोडताच एखादी आयसी किंवा रेग्युलेटर बोट ठेववत नाही इतका तापला, जळका वास आला, आयसीवर फोड दिसला, तर लगेच केबल काढा आणि पुन्हा लावू नका. ‘एकदा बघू’ म्हणून लावताना लॅपटॉपचा पोर्ट पणाला लागतो. मल्टिमीटर असेल तर केबल काढलेल्या, मोकळ्या बोर्डावर पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बझर लावून बघा. सलग वाजत राहिला तर शॉर्ट बोर्डातच आहे.

जॅक हलत असेल तर साधी सोल्डरिंग गन घेऊन घरी बसू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या. चार्जिंगचा जॅक बदलणं हे त्याचं रोजचं काम, हॉट एअर त्याच्याकडे असते. जॅकबरोबर खालची तांब्याची पट्टी उखडली असेल तर मात्र तोही हात जोडेल.

लूपबॅकमध्ये छोटी आयसी गेलेली निघाली आणि बोर्ड क्लोन असेल, तर दुरुस्ती करू नका. क्लोन नॅनो दोन-तीनशे रुपयांत येतो, आयसी बदलायची मजुरीच तेवढी होते. मूळ ऊनो असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अॅटमेगा१६यू२ डीएफयू’ असं काही दिसत असेल, तर आयसी जिवंत आहे, तिचं फर्मवेअर उडालंय. ते परत टाकता येतं, पण आधी कधी केलं नसेल तर माहीतगार माणसाच्या शेजारी बसून करा.

रिलेच्या बाजूला २३० व्होल्ट बोर्डात शिरल्याची शंका असेल, तर तो बोर्ड दुरुस्तीचा विषयच राहत नाही. प्लग काढलेला ठेवा, वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा, आणि तो बोर्ड कोणत्याही कॉम्प्युटरला लावू नका.

आणि लॅपटॉपच्या त्या पोर्टात पेनड्राइव्ह, माऊस काहीच चालत नसेल, शटडाउननंतरही नाही, तर ते काम मदरबोर्डचं आहे. लॅपटॉप सर्व्हिसवाल्याकडे द्या. तो परत येईपर्यंत प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, आणि शक्य असेल तर मध्ये स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारा हब ठेवा.